नोरीनचा घसा बसला तो दिवस

नोरीन एंटविसल कोर्टात शिरताना वाकली नाही, हे माझ्याआधी सरकारी वकिलाच्या लक्षात आलं. त्याने वर पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

आमच्या क्राउन कोर्टात, म्हणजे मोठे फौजदारी खटले चालतात तिथे, न्यायाधीशांच्या खुर्चीमागे भिंतीवर राजचिन्ह आहे. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक जण दारात क्षणभर थांबून त्याच्यापुढे मान झुकवतो. वकील झुकवतात, पोलीस झुकवतात, गावच्या पेपरचा बातमीदार म्हणून मीही झुकवतो. नोरीन या कोर्टात सव्वीस वर्षं अशर होती. साक्षीदारांना पुकारायचं, त्यांच्या हातात शपथेचं कार्ड द्यायचं, ज्युरीला न्यायचं-आणायचं, हे तिचं काम. दिवसातून तीसेक वेळा तरी ती त्या चिन्हापुढे वाकत असेल. त्या मंगळवारी दुपारी साडेतीनला ती काळा गाऊन एका खांद्यावरून घसरलेला, तशीच सरळ चालत आली आणि दुसऱ्याच एका खटल्याची सुनावणी चालू असताना न्यायाधीशांना म्हणाली, "युअर ऑनर, थांबा."

आवाज धड निघालाच नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसा निघाला. पण सगळ्यांना ऐकू गेला.

उत्तर इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉ या आमच्या गावात कोर्टाची इमारत सत्तरच्या दशकातली आहे, करड्या काँक्रीटची. चारपैकी दोन दालनं छत गळतं म्हणून बंद असतात. समोरच्या कॅफेत दुपारी एक ते दोन या वेळात खिडकीजवळच्या टेबलावर नोरीनची बैठक असायची. कांदा-चीज भरलेली, करंजीसारखी पॅस्टी, दुधाचा दाट चहा आणि कायदा, वकील, सरकार या सगळ्यांवर तिची टीकाटिप्पणी. हातातल्या खटल्याविषयी ती एक अक्षर बोलायची नाही. बाकी कुणाचीही गय नव्हती.

"जो वकील म्हणतो ना, माझे फक्त तीन मुद्दे आहेत," ती म्हणायची, "त्याचे सात निघतात. आणि जो म्हणतो मी थोडक्यात सांगतो, त्याच्या वेळी मी ज्युरीच्या पाण्याचे जग भरून ठेवते."

डर्मट कॉफ्लन हा बचावाची कामं करणारा वकील त्या टेबलावर नेहमी असायचा. पन्नाशीचा, आयरिश आईबापांचा, मँचेस्टरात वाढलेला. कोर्टात घालायचा पांढऱ्या केसांचा विग प्लॅस्टिकच्या डब्यात घालून तो डबा पॅस्टीच्या बशीशेजारी ठेवायची त्याची सवय नोरीनला अजिबात पसंत नव्हती.

"ते उंदराचं पिल्लू खाली ठेव आधी. इथे माणसं जेवतात."

"नोरीन, या पिल्लाचं वय माझ्या लग्नापेक्षा जास्त आहे."

"म्हणूनच ते अजून टिकलंय."

त्या हिवाळ्यात टेबलावरचा मुख्य विषय ज्युरीचा होता. खटल्यांची थप्पी साचली आहे, तीन-तीन वर्षं तारीख लागत नाही, तेव्हा लहान खटल्यांतून ज्युरी काढून टाकावी आणि न्यायाधीशाने एकट्यानेच निकाल द्यावा, असं लंडनमध्ये बोललं जात होतं. कॉफ्लन विरोधात होता, पण त्याच्या विरोधात त्याची फीही मिसळलेली असते असं नोरीन तोंडावर सांगायची. तिचा स्वतःचा विरोध मात्र स्वच्छ होता. सव्वीस वर्षं ती ज्युरीला जवळून बघत आली होती. बेकरीतला माणूस, शाळेतली स्वयंपाकीण, निवृत्त बँकवाला, केसांना निळा रंग लावलेली पोरगी. सोमवारी कुरकुरत येतात आणि बुधवारपासून एकमेकांसाठी बिस्किटं आणायला लागतात.

"बारा डोकी, चोवीस कान," ती म्हणायची. "एक न्यायाधीश डुलकी घेऊ शकतो. बारा जण एकाच वेळी झोपत नाहीत, राजा. पेपरवाल्या, हे छाप."

मी ते छापलं नाही. कोर्टातल्या कर्मचाऱ्याचं मत छापलं तर तिची नोकरी गेली असती, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

त्या मंगळवारच्या आदल्या आठवड्यापासून पहिल्या दालनात कॅलम रिग्बीचा खटला चालू होता. वय चोवीस, छपरं दुरुस्त करणारा. अडीच वर्षांपूर्वी एका पबमध्ये भांडण झालं, त्याने हात उगारला, हातात ग्लास होता आणि समोरच्याचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाटला. मारलं हे त्याने नाकारलं नाही. ग्लास हातात आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं, एवढंच तो म्हणत होता. त्याच्यावर दोन आरोप होते. पहिला, गंभीर इजा करायच्या इराद्याने जखमी केलं. दुसरा, जखमी केलं पण तसा इरादा नव्हता. पहिल्या आरोपात दोषी ठरला तर सहा-सात वर्षं. दुसऱ्यात ठरला तर त्याच्या एक तृतीयांश. पहिल्यात दोषी धरलं की दुसरा विचारायचाच नसतो, कारण मोठ्यात लहान आलाच. मागच्या बाकावर त्याची आई रोज येऊन बसायची. ती रुग्णालयात साफसफाईचं काम करायची आणि रात्रपाळी संपवून गणवेशातच यायची.

नोरीनचा घसा सोमवारी रात्री बसला. मंगळवारी सकाळी ती मानेला लोकरीची पट्टी गुंडाळून आली. पुकारा करायचं काम तिने दुसऱ्या अशरवर सोपवलं आणि ज्युरी स्वतःकडे ठेवली. ज्युरी विचाराला बसण्याआधी अशरला शपथ घ्यावी लागते. या ज्युरीला मी खासगी आणि सोयीच्या जागी ठेवीन, कुणालाही त्यांच्याशी बोलू देणार नाही, मी स्वतःही खटल्याबद्दल त्यांच्याशी बोलणार नाही, निकालावर एकमत झालं का एवढंच विचारीन. तिने ती शपथ खरखरत घेतली. न्यायाधीश रोझलिंड ग्रेटोरेक्स म्हणाल्या, "मिसेस एंटविसल, तुमच्याकडून आज कुणाला धोका नाही." सगळे हसले.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्युरीची खोली वरच्या मजल्यावर आहे. कोर्टातून तिथे जायला मागचा अरुंद जिना आहे, एकेचाळीस पायऱ्यांचा. नोरीन पुढे आणि बारा जण मागे अशी रांग जाते. या जिन्यात नोरीन अखंड बोलायची. पाऊस येणार का, गावाबाहेरच्या रस्त्याचं खोदकाम, ४६४ नंबरची बस कुठून वळवली आहे, बाजारातल्या कोंबड्या. तिच्या या बडबडीची वकिलांमध्ये नक्कल व्हायची. तो तिचा स्वभाव आहे असं आम्हाला वाटायचं. तसं नव्हतं. ज्युरीतले लोक जिन्यात आपसात खटल्याचं बोलले तर ते तिच्या कानावर पडू नये, म्हणून ती बोलायची. पहिल्या वर्षी एका जुन्या अशरने तिला ही युक्ती शिकवली होती. ऐकलंच नाही तर सांगायचा प्रश्न येत नाही. तिला हा कामाचा चोखपणा वाटायचा, आणि मलाही तो तसाच वाटला असता.

त्या दिवशी तिला बोलता येत नव्हतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी ज्युरी निकाल घेऊन खाली आली. कॅलम उभा राहिला. कोर्टाची क्लार्क जोसलिन हिने ज्युरीच्या प्रमुखाला उभं राहायला सांगितलं. प्रमुख साठीचा, गडद हिरवा स्वेटर घातलेला गृहस्थ. ज्युरीतल्यांची नावं कुणी लिहीत नाही, मीही लिहीत नाही. त्याच्या हातात घडी केलेला कागद होता.

"तुम्हा सर्वांचं एकमत झालं आहे का?"

"हो."

"पहिल्या आरोपात आरोपी दोषी की निर्दोष?"

त्याने कागदाकडे पाहिलं. "दोषी."

"हा तुम्हा सर्वांचा निकाल आहे?"

"हो."

जोसलिन खाली बसली. मी ज्युरीकडे पाहत होतो, कारण निकालाच्या वेळी आरोपीकडे सगळेच पाहतात. प्रमुख उभाच राहिला होता. तो कुणीतरी अजून काही विचारेल अशी वाट पाहत होता. मागच्या रांगेत लाल स्कार्फवाल्या बाईचं तोंड किंचित उघडलं आणि मिटलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात न्यायाधीश बोलू लागल्या आणि बारा जणांनी शाळेतल्या मुलांसारख्या माना त्यांच्याकडे वळवल्या. जोसलिनने हाताने खूण केली तेव्हा प्रमुख बसला. मी हे सगळं पाहिलं. वहीत लिहिलं ते एवढंच: "प्रमुख गोंधळलेला, उभा राहिला." आणि पुढचं पान उलटलं.

न्यायाधीशांनी ज्युरीचे आभार मानले, त्यांना मोकळं केलं. कॅलमला सांगितलं की शिक्षा दोन आठवड्यांनी होईल, पण ती मोठ्या कैदेचीच असेल, तोवर कोठडी. त्याच्या आईने पर्स उघडली, आत पाहिलं आणि बंद केली. रक्षकांनी त्याला खाली नेलं.

जिन्यात काय झालं ते मी ऐकलेलं नाही. नोरीनने ते नंतर न्यायाधीशांना भर कोर्टात सांगितलं आणि मी लघुलिपीत उतरवून घेतलं, ते असं.

पंधरा-वीस पायऱ्या कुणी बोललं नाही. मग लाल स्कार्फवाली बाई म्हणाली, "दुसरं विचारलंच नाही की हो त्यांनी."

"माझ्याही मनात तेच आलं," प्रमुख म्हणाला. "नंतर विचारतील म्हटलं."

"पण तुम्ही पहिल्याला दोषी म्हणालात."

"पहिलाच ना. हा बघा." कागद उलगडल्याचा आवाज. "एक, दोषी. दोन, निर्दोष."

"अहो, आपण छोटा आरोप आधी घेतला होता. म्हणून तुम्ही तो वर लिहिलात."

रांग थांबली. नोरीनच्या मागे बुटांचे बारा जोड एकदम थांबले.

"म्हणजे मी…" प्रमुख म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी ऐकलं ना? मग कुणी बोललं का नाही?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"न्यायाधीश बोलत होत्या. त्यांचं बोलणं कसं तोडायचं?"

"मी म्हटलं, ह्या स्कार्फवालीने काही म्हटलं नाही, म्हणजे बरोबरच असेल."

"हात वर करायचा असतो की काय, तेही माहीत नाही मला."

आणि एक जण म्हणाला, "आता झालंच ना ते. बरं नाही दिसणार परत जाणं."

नोरीन जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. सव्वीस वर्षांच्या सवयीने तिने तोंड उघडलं होतं, ४६४ नंबरच्या बसबद्दल काहीतरी बोलायला. घशातून हवा निघाली, बस निघाली नाही.

ती वळली. "आत बसा," ती म्हणाली. "कुणी जाऊ नका."

ज्युरी मोकळी झाली होती. तिला कुणालाही थांबवायचा अधिकार नव्हता. वरच्या खोलीत जाऊन तिने प्रवासखर्चाच्या फॉर्मवर मारायचा रबरी शिक्का उचलला आणि गाऊनच्या खिशात टाकला. शिक्क्याशिवाय फॉर्म चालत नाही, आणि फॉर्मशिवाय आमच्या भागातला माणूस सहसा हलत नाही. अकरा जण कोट अंगात घालून खुर्च्यांवर बसले. उरलेला एक चपळ पोरगा, ज्युरीतला नवव्या नंबरचा, फॉर्मची पर्वा न करता मागच्या दाराने निसटला होता. नोरीनने जिन्यातून खाली डेस्मंडला हाक मारायचा प्रयत्न केला. डेस्मंड हा दारावरचा सुरक्षारक्षक. आवाज पोचेना, म्हणून तिने हातातली किल्ल्यांची जुडी खाली फेकली. डेस्मंड दचकून वर बघायला लागला.

"बसस्टॉप," ती म्हणाली. "पिवळं जाकीट. पळ."

डेस्मंड नंतर कॅफेत सांगायचा, मला वाटलं पोराने चोरी केली.

मग ती कोर्टात आली आणि वाकली नाही.

न्यायाधीश ग्रेटोरेक्स यांनी चष्मा काढला. समोर एका वेगळ्याच खटल्यातल्या जामिनावर बोलणं चालू होतं. "मिसेस एंटविसल, आमचं काम चालू आहे."

"माहीत आहे, युअर ऑनर. रिग्बीची गाडी तुरुंगाकडे निघायच्या आत मला बोलायचं आहे. ज्युरीचा निकाल तो नव्हता."

कोर्टात कुणीतरी श्वास ओढल्याचा आवाज आला. मला आजही खात्री नाही, तो माझाच असेल.

पाऊण तास लागला. कोठडीतून कॅलमला वर आणलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्याच्या चेहऱ्यावर आता आणखी काय, असा भाव होता. त्याची आई पार्किंगपर्यंत गेली होती, तिला परत बोलावलं. कॅलमची बाजू मांडणारा कॉफ्लन विग नीट न बसवताच धावत आला. नोरीनने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून जिन्यातलं सगळं सांगितलं. मध्ये दोनदा पाणी प्यायली. ज्युरीच्या प्रमुखाने वरच्या खोलीतून चिठ्ठी लिहून पाठवली. न्यायाधीशांनी ती मोठ्याने वाचली. "मी कागदावरच्या पहिल्या ओळीचं उत्तर दिलं. आम्ही तो क्रम उलटा लिहिला होता. मी फार लाजलो आहे."

सरकारी वकील उभा राहिला. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, कायदा असा आहे की बारा जणांच्या डोळ्यांदेखत, त्यांना ऐकू जाईल असा निकाल सांगितला गेला आणि कुणी हरकत घेतली नाही, तर तो त्या सर्वांचाच धरायचा. हा नियम नसेल तर उद्या प्रत्येक ज्युरर घरी गेल्यावर विचार बदलून पत्र पाठवील. ज्युरी मोकळी झाली होती. आणि नववा ज्युरर तर इमारतीबाहेर होता.

कॉफ्लन म्हणाला, "युअर ऑनर, माझे फक्त तीन मुद्दे आहेत." मी नोरीनकडे पाहिलं. एरवी तिच्या भुवया वर गेल्या असत्या. ती जमिनीकडे पाहत होती.

नवव्या ज्युररला विचारलं, बाहेर कुणाशी बोललास? पोरगा पिवळ्या जाकिटात आणखी पिवळा पडला होता. "आईशी, फोनवर."

"काय बोललास?"

"सुटलो म्हटलं. चहा टाक म्हटलं."

"खटल्याबद्दल?"

"नाही, मॅडम… युअर ऑनर. बस येत होती. मग हे काका धावत आले आणि माझी कॉलर धरली."

न्यायाधीश पंधरा मिनिटं आत जाऊन आल्या. त्यांनी सांगितलं की पहिल्या उत्तरापासून अशरने कोर्टाला कळवेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. अकरा जण एकत्रच होते, बाराव्याच्या कानावर बाहेरचं काही पडलेलं नाही, शिक्षा सुनावलेली नाही आणि चुकीचं कारण कागदावर दिसतं आहे. निकाल पुन्हा घेतला जाईल.

जोसलिनने या वेळी दोन्ही आरोप आधी पूर्ण वाचून दाखवले.

"पहिला आरोप, गंभीर इजा करायच्या इराद्याने जखमी करणं. दोषी की निर्दोष?"

"निर्दोष."

"दुसरा आरोप, जखमी करणं, त्या इराद्याविना?"

"दोषी."

"हा तुम्हा सर्वांचा निकाल आहे?"

या प्रश्नाला प्रमुखाने एकट्याने उत्तर द्यायचं असतं. बाराही जण एकदम म्हणाले, "हो." मागच्या रांगेतला एक जण उभाच राहिला. त्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं आणि न्यायाधीशांनी थांबवलं नाही.

कॅलम रिग्बीला दोन आठवड्यांनी दोन वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली. कॉफ्लनच्या हिशोबाने दुपारच्या त्या पंचवीस मिनिटांत साडेचार वर्षं ये-जा करून गेली.

पुढच्या सोमवारी नोरीनचा आवाज परत आला. कॅफेत तिच्यासाठी टेबलावर पार्किन, म्हणजे आलं आणि काकवी घातलेला केक होता. वर साखरेने "थांबा" असं लिहिलेलं, ही कॉफ्लनची कल्पना. डेस्मंड होता, जोसलिन होती, सरकारी वकीलही आला होता.

"बोल आता," कॉफ्लन म्हणाला. "आठवडाभर गावात कायद्यावर कुणी धड बोललेलं नाही. सरकारवाले म्हणतील, बघा, बारा जणांना एक आणि दोन कळत नाहीत. काय सांगायचं त्यांना?"

नोरीनने चहा ढवळला. साखर ती घेत नाही.

"कळत होतं," ती म्हणाली. "बाराही जणांना कळत होतं. तेच तर आहे. चोवीस कानांनी ऐकलं आणि बरं दिसणार नाही म्हणून गप्प बसले. माणूस सात वर्षं आत गेला असता, आणि का? तर मध्ये बोलणं बरं दिसत नाही."

"पण तू बोललीस ना," जोसलिन म्हणाली.

"माझा घसा बसला होता, पोरी."

जोसलिन हसली. तिला ते विनयाचं बोलणं वाटलं. मला जिन्यातली बडबड तोवर तिचा स्वभावच वाटत होती, म्हणून मीही काही विचारलं नाही. नोरीनने सुरी घेऊन केकचे सारखे तुकडे केले, सगळ्यांना दिले, आणि मग ती जिन्याबद्दल बोलली. पहिल्यांदाच. बस, पाऊस, कोंबड्या कशासाठी, ते सांगितलं. टेबलावरचं खाणं थांबलं.

"घसा ठीक असता तर मी त्या दिवशी रस्त्याच्या खोदकामावर बोलले असते," ती म्हणाली. "वरपर्यंत. शिक्के मारले असते आणि सगळ्यांना टाटा केला असता. सव्वीस वर्षं. वर्षाला पंचवीस ज्युऱ्या तरी धरा. साडेसहाशे वेळा मी त्या जिन्यातून वर गेले आहे आणि एकदाही काही ऐकलं नाही."

"सहाशेएकोणपन्नास वेळा ऐकण्यासारखं काही नव्हतं," सरकारी वकील म्हणाला.

"हे तुला कसं माहीत?"

त्याने बशी बाजूला सरकवली.

"एकदा," नोरीन म्हणाली, "एक म्हातारा होता. निळा सूट, कोटाला पिन. निकाल देऊन वर जाताना माझ्या मागेच होता. तो म्हणाला, 'पण आम्ही…' एवढंच. मी लगेच सुरू केलं, बस बाजारापर्यंतच जाते हो आता. तो गप्प झाला. वर गेल्यावर फॉर्म देताना माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आजोबांना बसची काळजी आहे. मी त्याला वेळापत्रक लिहून दिलं."

कॉफ्लनने विगचा डबा टेबलावरून उचलून मांडीवर घेतला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता शोधता येईल?" तिने त्याला विचारलं. "त्या आजोबांना गाठून विचारलं, काय म्हणणार होता, तर?"

"नाही. ज्युरीच्या खोलीतलं त्याने तुला सांगणं हा गुन्हा. तू विचारणं हाही गुन्हा. चुकीचा निकाल त्याच दिवशी सापडला तर सापडला. नंतर ते दार बंद."

"न्यायाधीशबाईही तेच म्हणाल्या. मी गेले होते त्यांच्याकडे, शुक्रवारी." तिने सुरी पुसून ठेवली. "म्हणजे मला कधीच कळणार नाही."

"नाही."

दोन वाजायला आले होते. बाकीचे उठले. तिने मला थांबवलं.

"पेपरवाल्या, तुझ्या जुन्या वह्या आहेत ना? दुसरं दालन. त्या दिवशी पहिला बर्फ पडला होता, म्हणून बस बाजारापर्यंतच. आठ-नऊ वर्षं झाली असतील."

वह्या माझ्या गॅरेजमध्ये खोक्यांत आहेत. दोन संध्याकाळी गेल्या, पण सापडलं. तारीख, दालन, आरोपीचं नाव, आरोप, निकाल दोषी, शिक्षा चार वर्षं. ज्युरीबद्दल मी काहीही लिहिलेलं नव्हतं. नाव इथे देत नाही. ती बाई शिक्षा भोगून केव्हाच बाहेर आली आहे, आणि म्हाताऱ्याच्या त्या दोन शब्दांचा अर्थ काहीही असू शकतो. 'पण आम्ही जेवलो नाही' असाही असेल.

मी ते नाव एका चिठ्ठीवर लिहून नोरीनला दिलं. तिने वाचलं, घडी केली आणि गाऊनच्या खिशात ठेवली. खिशात रबरी शिक्का होता, तो तिने त्या दिवसापासून परत ठेवलेला नव्हता.

"ही आठवते मला," ती म्हणाली. "निकालानंतर तिने मला विचारलं होतं, माझा कोट कुठे आहे?"

मग घड्याळ बघून ती कोर्टाकडे गेली. दारात थांबली, राजचिन्हापुढे वाकली. नव्या खटल्याची ज्युरी विचाराला निघणार होती. शपथेचं कार्ड तिला लागत नाही, तरी त्या दिवशी तिने ते हातात घेऊन शब्दन् शब्द वाचला. मग मागचं दार उघडून बारा जणांच्या पुढे झाली. दार बंद होईपर्यंत मी प्रेसच्या बाकावरून ऐकत होतो. एका ज्युररने तिला विचारलं, संध्याकाळी पाऊस येईल का हो? नोरीनने उत्तर दिलं नाही. जिन्यावर फक्त बुटांचे आवाज येत होते.